झेरॉक्सकाका

परदेशी सहलींच्या धंद्यात मीटिंग नावाचा एक विधी असतो. सहल निघायच्या दोनेक महिने आधी दादरला एखादा छोटा हॉल घ्यायचा, गेस्टना चहा-बटाटेवडा द्यायचा, पडद्यावर सिंहाचा फोटो टाकायचा आणि सांगायचं, की मंडळी, फिकट कपडे घ्या, एखादा स्वेटर घ्या, सोनं मात्र घेऊ नका. तेवढ्या तासाभरात टूर मॅनेजरला अख्खा ग्रुप कळतो. रोज पोळी मिळेल ना, असं विचारणारे कळतात. दुसऱ्या कंपनीचा दर मोबाइलवर काढून दाखवणारे कळतात. आणि पहिल्या रांगेत कडेची खुर्ची धरून, मांडीवर फाईल घेऊन बसलेला एकजण असतो. तो वडा खात नाही. तेलकट बोटं कागदाला लागतात.

हा प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. कधी तो बँकेतून निवृत्त झालेला असतो, कधी माजी मुख्याध्यापक असतो, क्वचित एखाद्या कॉलेजच्या रजिस्ट्रार बाईही असतात. पण या जातीचा अर्क मला भेटला तो केनिया-टांझानियाच्या दिवाळी ग्रुपमध्ये. गृहस्थ साताऱ्याचे. पाटबंधारे खात्याच्या आस्थापना शाखेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. खरं नाव सांगत नाही, कारण ग्रुपने त्यांना विमानात बसायच्या आतच झेरॉक्सकाका करून टाकलं आणि ते नाव त्यांनीही मनातून मंजूर केलं.

पांढरा बुशशर्ट, वरच्या खिशात दोन पेनं. काळं फॉर्म भरायला, निळं सहीला. लाल पेन निवृत्तीच्या दिवशी खात्यात परत केलं, हे ते आपण विचारलं नाही तरी सांगतात. खांद्याला लावायच्या बॅगेत टॅग, टाचण्या, डिंकाची कांडी आणि पासपोर्ट फोटोंचं पाकीट. स्टेपलर मोठ्या बॅगेत, कारण सुरक्षा तपासणीत कुणी आक्षेप घेतला तर काय, ही शंका त्यांना घरीच आली होती.

काकांना "तब्येत कशी आहे?" असं विचारलं, की ते "बरी आहे" म्हणत नाहीत. "रिपोर्ट नॉर्मल आहेत," म्हणतात. मला आधी हा विनोद वाटला. पण त्यात विनोद काहीच नव्हता. ज्या माणसाने हजारो लोकांची सेवापुस्तकं सांभाळली आणि जो आता दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन स्वतःच्या हयातीचा दाखला देतो, त्याच्या दृष्टीने शरीर ही दुय्यम बाब असते. दाखला पोचेपर्यंत पेन्शनर जिवंत नसतो, प्रलंबित असतो.

अशा माणसाला आम्ही त्या मीटिंगमध्ये सांगितलं, की या सहलीला पिवळ्या तापाची लस लागेल.

बाकीचे कुरकुरले. कुणी म्हणालं, पैसे भरताना हे का नाही सांगितलं? (सांगितलं होतं. माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर. मागचं पान फक्त झेरॉक्सकाका वाचतात.) हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा आईवडिलांना घेऊन आला होता. तो म्हणाला, "केनिया तर भारतातून जाणाऱ्यांकडे हे मागतच नाही. मी बघितलंय." बरोबर होतं त्याचं. माझ्याआधी काकाच खुर्चीत वळून बसले.

"केनिया मागत नाही. भारत मागतो. परत येताना."

आणि मग त्यांनी जे समजावून सांगितलं, ते आता मी माझ्या प्रत्येक मीटिंगमध्ये वापरतो. पिवळ्या तापाचा विषाणू आपल्या देशात नाही. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास मुबलक आहे. डेंग्यू पसरवतो तोच. म्हणजे, काका म्हणाले, "डास आपल्या आस्थापनेवर आहेत, विषाणूचं पद रिक्त आहे. ते भरलं जाऊ नये म्हणून ही व्यवस्था." हा ताप असलेल्या देशांतून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत तुम्ही दाखल्याविना भारतात उतरलात, तर सरकार तुम्हाला उरलेल्या दिवसांसाठी वेगळं ठेवू शकतं. सहाच का? तर डास चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात म्हणून. शिवाय लस घेतली की लगेच चालत नाही, दाखला दहा दिवसांनी लागू होतो. "म्हणजे आदल्या दिवशी टोचून घेणाऱ्यांनी," काकांनी हिंजवडीकडे पाहिलं, "नोंद घ्यावी."

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. काका काकूंना घेऊन साताऱ्याहून मुंबईला आले. एका कुपीत बऱ्याच जणांची लस असते आणि कुपी एकदा उघडली, की ती काही तासांत संपवावी लागते. म्हणून ठरलेल्या दिवशी, नाव नोंदवून, माणसं जमल्यावरच टोचतात. काकांना ही पद्धत फार पसंत पडली. पुढे ते मला म्हणाले, की ही लस १९३७ साली मॅक्स थायलर नावाच्या शास्त्रज्ञाने तयार केली, त्याला १९५१ साली नोबेल मिळालं आणि जगात अजून तीच वापरतात. "इतक्या वर्षांत जी.आर. बदलला नाही. असं काम पाहिजे."

लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असल्याने साठी ओलांडलेल्यांना डॉक्टर जरा जास्त प्रश्न विचारतात. अंड्याची ॲलर्जी आहे का, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत का, थायमस ग्रंथीचा काही आजार? काका म्हणाले, "सेवापुस्तकात तशी नोंद नाही." डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि सातारच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. काकांकडे ती होती. तीन प्रतींत.

सुई टोचायला जेवढा वेळ लागला, त्याच्या कितीतरी पट वेळ पुढच्या खिडकीवर गेला. तिथे ती पिवळी पुस्तिका मिळते. नाव पासपोर्टबरहुकूम, लसीचा बॅच क्रमांक, देणाऱ्याची हाताने केलेली सही, केंद्राचा शिक्का. पुस्तिकेवर छापलेलंच असतं, की दाखल्यात खाडाखोड किंवा बदल केला, किंवा एखादा रकाना कोरा राहिला, तर तो अवैध ठरू शकतो. काकूंच्या नावात खिडकीतल्या माणसाने 'वाय'च्या जागी 'आय' घातला होता. त्याने 'आय'चा 'वाय' करायला पेन उचललं, तेव्हा काकांनी खिडकीतून हात घालून ते धरलं.

"खाडाखोड नको. नवीन पुस्तिका."

काकू हे सांगताना म्हणाल्या, "मला वाटलं, दुसरी सुई पण टोचायला लावतात."

पुस्तिकेत आणखी एक गोष्ट होती, तिने काका काही दिवस अस्वस्थ झाले. पूर्वी हा दाखला दहा वर्षं चालायचा. ११ जुलै २०१६ पासून तो जन्मभर चालतो. "तहहयात," काका म्हणाले. "पण हयातीचा पुरावा मागत नाहीत. आश्चर्य आहे."

पोलिओचं प्रकरण याहून सरस. पोलिओचा धोका असलेल्या ज्या देशांच्या यादीत केनिया आहे, त्या देशांत जाणाऱ्या भारतीयांनी निघण्याच्या किमान चार आठवडे आधी पोलिओचे थेंब घ्यावेत, असा आपल्या सरकारचा नियम. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, आणि तो परत बाहेरून येऊ नये म्हणून ही तजवीज. सत्तरीला आलेला माणूस हे ऐकून हसतो आणि सोडून देतो. काका सरकारी दवाखान्यात गेले.

तो बाळांच्या लसीकरणाचा वार होता. कडेवरची, अंगठा चोखणारी, सुई दिसण्याआधीच रडायला लागलेली मंडळी आणि त्यांच्या मधोमध बुशशर्टातले काका, हातात फाईल. सिस्टरनी विचारलं, "आजोबा, नातू कुठाय?"

"लाभार्थी मीच आहे," काका म्हणाले.

सिस्टरनी पत्रक वाचलं, वर फोन केला, खात्री केली आणि म्हणाल्या, "आ करा." दोन थेंब. मागच्या बाळाचं रडणं त्या आश्चर्याने थांबलं म्हणे. सवयीने सिस्टरनी काकांची डाव्या हाताची करंगळी धरली आणि नखावर मार्करने खूण केली. दाखला तर मिळालाच, पण काकांचा जीव त्या खुणेवर जडला. कागद हरवू शकतो, करंगळी हरवत नाही. पुढचे दिवस आंघोळीला डावा हात तांब्यापासून लांब. भांडी घासायला हात लावणं बंद, ते तसंही कधी नव्हतं, असं काकूंचं मत. नखावरचा तो शेवटचा पुसट जांभळा डाग त्यांनी मला विमानतळावर दाखवला, तेव्हा मी चष्मा लावून पाहिला आणि "हो, आहे," म्हटलं. नाही म्हणायची हिंमत नव्हती.

काकांच्या घराण्यात हे आलंय कुठून, तर मामांकडून. मामा १९६८ साली बोटीने मोंबासाला गेले होते आणि त्यांची त्या वेळची पुस्तिका काकांनी जपून ठेवली आहे. देवीची लस, मुदत तीन वर्षं. कॉलऱ्याची लस, मुदत सहा महिने. दोन्हीवर बंदराच्या डॉक्टरचा गोल शिक्का. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग पृथ्वीवरून संपल्याचं जाहीर केलं. रोग गेला, दाखला काकांच्या कपाटात आहे. "कधी परत मागितला तर?" मी म्हटलं, रोगच नाही तर दाखला कोण मागेल? काकांनी माझ्याकडे कनवाळूपणे पाहिलं. मी कधी सरकारी नोकरी केलेली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

करोनाचा काळ हा त्यांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. बहात्तर तासांच्या आतला आरटीपीसीआर, विमानात बसण्याआधी भरायचा एअर सुविधाचा फॉर्म, उतरल्यावर आणखी एक. लोक टेकीला आले होते, काका फुलले होते. २०२१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने आपल्या लसीच्या दाखल्यावर आक्षेप घेतला, तेव्हा सगळा देश खवळला. पुण्यात बनलेली लस, इंग्रजांच्याच विद्यापीठात शोधलेली, तीच त्यांनी घेतलेली, आणि आपला दाखला त्यांना चालत नाही! संतापलेल्या त्या एकशे चाळीस कोटींमध्ये काका नव्हते. "इंग्रज बरोबर आहे," ते कट्ट्यावर म्हणाले. "दाखल्यावर जन्मतारीख नाही, नुसतं वय आहे. वय ही काय ओळख झाली? ते रोज बदलतं." काही दिवसांनी परदेशी जाणाऱ्यांच्या दाखल्यावर पूर्ण जन्मतारीख यायला लागली. कट्ट्यावरचे दोघेजण मात्र त्यांच्याशी बरेच दिवस बोलत नव्हते.

तर आमची सहल. विमान दुबईमार्गे होतं आणि काकांनी ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सुप्रभातऐवजी एक सूचना टाकायला सुरुवात केली. गोळ्या डब्यात काढून आणू नयेत, मूळ पाकिटात आणाव्यात, केमिस्टच्या बिलासह. डॉक्टरांची चिठ्ठी टाईप केलेली असावी, औषधाचं कंपनीचं नाव न लिहिता मूळ नाव लिहावं. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर दुबईत ते परवानगीशिवाय चालत नाही. आणि एके दिवशी, ठळक अक्षरांत: खसखस नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, अफूच्या बोंडातली म्हणून.

हे खरं आहे. पण दिवाळीच्या तोंडावर साताऱ्यातल्या एका स्वयंपाकघरात अनारसे तळून झाले होते. आफ्रिकेत वाटायला. काकूंनी खसखस खरवडून काढता येते का, ते चमच्याने करून बघितलं. काकांनी एक अनारसा उजेडात धरून तपासला. तीन दाणे शिल्लक होते. त्यांनी सगळा डबा रोखून ठेवला. त्या आठवड्यात त्यांच्या घरी मीटर वाचायला आलेल्या माणसालासुद्धा दोन अनारसे आणि चहा मिळाला.

एवढी जय्यत तयारी करून आम्ही नैरोबीला उतरलो. काका रांगेत पहिले. हातात पिवळी पुस्तिका, तीत पोलिओचा दाखला, त्यामागे ऑनलाइन प्रवासपरवान्याची रंगीत प्रत. खिडकीतल्या अधिकाऱ्याने परवाना पाहिला, बोटांचे ठसे घेतले, शिक्का मारला, "करिबू," म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं.

काका हलले नाहीत. त्यांनी पिवळी पुस्तिका काचेला लावली. अधिकारी हसला, त्याने अंगठा वर केला.

"बघितलंसुद्धा नाही," काका मला म्हणाले. मी म्हटलं, काका, यांचा नियमच नाही ना मागायचा. ते त्यांनाही माहीत होतं. मीटिंगमध्ये त्यांनीच सांगितलं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि बॅगेत तीन प्रती असताना कुणी न विचारणं वेगळं. त्यातून केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी, आणि काकांचे सगळे कागद पावसाच्या भीतीने कॅरीबॅगांत. त्या तिथेच काढून टाकाव्या लागल्या. काकूंच्या शबनममध्ये निम्मं दफ्तर गेलं. "माझी शाल कुठं ठेवू?" त्यांनी विचारलं. काकांनी शाल गळ्याभोवती गुंडाळली आणि पुढे ते अख्खा मसाई मारा शालीत फिरले.

मारामध्ये दुपारच्या उन्हात गाडीसमोर सिंहीण आणि चार बच्चे आडवे पडले होते. लोक श्वास धरून फोटो काढत होते. काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "यांची गणना कोण करतं?" मी म्हटलं, वन्यजीव खातं. "नोंदवही असेल ना?" एरवी सहल त्यांना आवडत होती की नाही, हे मला कळत नव्हतं. झेब्रे, जिराफ, पाणघोडे, सगळ्यांकडे ते सौजन्याने पाहत होते. मन कुठे लागलं नव्हतं.

ते लागलं नमांगाला.

नमांगा ही केनिया आणि टांझानियाची सीमा. अम्बोसेलीच्या बाजूने अरुशाकडे जाताना इथे गाडीतून उतरून एकाच इमारतीत दोन्ही देशांचे सोपस्कार करावे लागतात. आणि केनियातून येणाऱ्याकडे टांझानिया पिवळ्या तापाचा दाखला मागतो. पासपोर्टच्या खिडकीआधी आरोग्याचं टेबल. त्यावर बसलेल्या बाई पन्नाशीच्या, पांढरा कोट, चष्म्याला साखळी. पुढे एक भलीमोठी नोंदवही. तिच्यातले रकाने छापील नव्हते, पट्टीने आखलेले होते. लाल शाईने.

काकांनी ते पाहिलं आणि शाल काढून काकूंकडे दिली.

बाईंनी पुस्तिका घेतली. नुसती उघडून परत दिली नाही, वाचली. पासपोर्ट बाजूला उघडा ठेवून नाव जुळवलं, क्रमांक जुळवला, बॅच क्रमांकावर बोट ठेवून तो नोंदवहीत उतरवला, शिक्का तिरपा करून उजेडात पाहिला. मागे आमची रांग, तिच्यामागे ट्रक ड्रायव्हरांची. हिंजवडीच्या मुलाने मोठा सुस्कारा सोडला. बाईंनी पान उलटलं, परत पहिल्या पानावर आल्या, आणि चष्म्यावरून काकांकडे बघत इंग्रजीत म्हणाल्या, "तुमची सही कुठे आहे?"

ग्रुपमध्ये शांतता पसरली. झेरॉक्सकाकांच्या कागदात त्रुटी!

दाखल्यावर धारकाच्या सहीला जागा असते. ती कोरी होती. काकूंच्या पुस्तिकेत सही होती, माझ्या होती, बॅगेच्या तळाशी चुरगळलेल्या हिंजवडीच्या पुस्तिकेतही होती.

काका जराही गडबडले नाहीत. ते खुलले. "सही समक्ष करायची असते," ते बाईंना म्हणाले. आता याचं इंग्रजी त्यांनी कसं केलं, ते मी इथे लिहीत नाही, पण बाईंना कळलं. ही जागा त्यांनी मुद्दाम कोरी ठेवली होती. सक्षम प्राधिकारी समोर असल्याशिवाय धारकाने सही करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, आणि टोचणाऱ्या केंद्रावर कुणी "करा" म्हटलं नव्हतं.

बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. वरच्या खिशातली दोन पेनं पाहिली. मग पुस्तिका त्यांच्याकडे वळवून, रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "करा. मी बघते आहे."

काकांनी निळ्या पेनने सही केली. पूर्ण, आडनावासकट, खाली दुहेरी रेघ. आणि मग विनंती केली, की ही सही समक्ष झाल्याचा शेरा मिळेल का? बाईंनी शिक्का उचलला. काका ओरडले, "पुस्तिकेवर नको!" अधिकचा मजकूर म्हणजे बदल, बदल म्हणजे अवैध. त्यांनी कोरा कागद पुढे केला. बाईंचा हात शिक्क्यासह हवेत थांबला, मग त्या जोरात हसल्या, आणि टांझानिया संयुक्त प्रजासत्ताकाच्या एका कर्मचाऱ्याने साताऱ्याच्या एका पेन्शनरची सही आपल्यासमोर झाल्याचं दोन ओळींत लिहून, खाली तारीख घालून, शिक्का मारून दिला. असा कागद जगात कुणीही, कधीही, कुठेही मागणार नाही. काकांनी तो फाईलमध्ये सगळ्यात वर लावला.

पुढे गोरोंगोरोचं विवर झालं, सेरेंगेटी झालं, चित्त्याने आमच्या डोळ्यांसमोर हरीण धरलं. काका ज्याला भेटतील त्याला सांगत होते, "पहिल्यांदा कुणीतरी वाचलं." हॉटेलच्या वेटरलाही सांगितलं. त्याने अभिनंदन केलं.

झांझिबारला जाताना आणखी एक कागद निघाला. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे येणाऱ्या परदेशी माणसाला तिथल्याच सरकारी विमा महामंडळाचा विमा घ्यावा लागतो, माणशी ४४ डॉलर. तुमच्याकडे कितीही मोठा विमा असो, तो वेगळा. ग्रुपमध्ये पुन्हा बोंब झाली, विम्यावर विमा कसला? काकांनी पॉलिसी बारीक अक्षरांसकट वाचली आणि मुद्दा काढला, की विमा ९२ दिवसांचा आहे आणि आपण राहणार तीन रात्री. "उरलेल्या दिवसांचं काय? पैसे तर पूर्ण घेतलेत. आजारी पडायचं असेल तर आता इथेच पडलेलं परवडेल."

"तुम्ही पडा," काकू म्हणाल्या. "मी समुद्रावर जाते." आणि गेल्या. त्या तीन दिवसांत मी काकूंना पहिल्यांदा शबनमशिवाय पाहिलं.

परतीचं विमान पुन्हा दुबईमार्गे, मुंबईत पहाटे. आता इथे माणसाचा स्वभाव कळतो. दुबईच्या विमानातून शेकडो लोक उतरतात, सगळे अर्धवट झोपेत. आमच्यातले काही पुटपुटायला लागले, की आपण दुबईहूनच आलो म्हणायचं, कोण बघतंय? मी कंपनीचा माणूस. मी काही म्हणायच्या आत काका आरोग्य विभागाच्या काउंटरपुढे उभे होते. "आम्ही आफ्रिकेतून आलो आहोत," त्यांनी जाहीर केलं. "एकूण चोवीस. हे सगळे." आणि वळून आम्हाला हाताने बोलावलं.

सगळ्यांनी पुस्तिका काढल्या. हिंजवडीच्या मुलाची पुस्तिका झांझिबारला चड्ड्या भरताना मोठ्या बॅगेत गेली होती. मोठी बॅग पट्ट्यावर, पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे, आणि दाखला दाखवल्याशिवाय इमिग्रेशनकडे जाता येत नाही. त्याने फोनमधला फोटो दाखवला. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, मूळ प्रत लागेल. काका मान डोलावत होते. मुलाची आई काकांकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेला कुठलीच लस नाही.

पासपोर्ट ठेवून घेतला गेला, एका कर्मचाऱ्याला बॅग शोधायला पाठवलं, बॅग आणली, ती तिथेच जमिनीवर उघडली, ओल्या टॉवेलाच्या घडीतून पुस्तिका निघाली. दीड तास गेला. साताऱ्याची, पुण्याची, नाशिकची ठरवलेली वाहनं बाहेर खोळंबली. काकांशी कुणी बोलत नव्हतं. माणूस चुकला असता तर लोकांनी त्याला दोन शिव्या देऊन मोकळं केलं असतं. हा बरोबर होता, त्यामुळे तीही सोय नव्हती. ते मात्र बाकावर ताठ बसले होते, रिपोर्ट नॉर्मल.

निरोप घेताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅनेजरसाहेब, एक काम होतं. सहल सुखरूप पार पडली, प्रवासात कोणताही आजार उद्भवला नाही, असं कंपनीच्या लेटरहेडवर द्या. प्रकरण नस्तीबद्ध करायचंय."

मी ऑफिसात गेल्यावर तसं पत्र केलं. सही केली, शिक्का मारला, साताऱ्याला स्पीड पोस्टाने पाठवलं. आठवड्याने ते परत आलं, सोबत सुवाच्य अक्षरातलं पत्र. जावक क्रमांक नाही. 'उद्भवला नाही' यात काकूंचा उल्लेख स्वतंत्रपणे आलेला नाही. आणि तिसरा मुद्दा: सही माझीच आहे, पण ती कुणासमक्ष केली, याचा बोध होत नाही. तरी त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे, ही विनंती.